बॅटरीवरचं कुंकू

अक्कलकोट रोडनं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी एक माणूस नक्की बघितला असेल. भर उन्हाळ्यात गळ्याला मफलर, जुनाट मोपेड, आणि ती मोपेड रस्त्याच्या कडेला लावून हा गडी रस्त्याच्या मधोमध वाकून दगड उचलतोय. मागून ट्रकवाला हॉर्न मारून कान फोडतोय, ह्याला काही नाही. दगड उचलणार, हातात फिरवून बघणार, जणू बाजारात वांगी निवडतोय, आणि कडेला नेऊन ठेवणार. फेकणार नाही, ठेवणार. बघणारे म्हणायचे येडा आहे. मीही म्हणायचो. मी त्याच्याबरोबर एकाच कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळं मला तर म्हणायचा हक्कच होता.

दगडांची गोष्ट अशी. आपल्याकडं गाडी बंद पडली की लोक मागं चार-पाच धोंडे मांडतात, वर बाभळीची एखादी फांदी. ही झाली हुशारी. मग गाडी चालू होते आणि हुशार माणूस निघून जातो. धोंडे तिथंच. संध्याकाळी कामावरनं सुटलेला कुणीतरी मोटारसायकलवाला येतो, समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यात, आणि त्या धोंड्यावर जातो. मी एकदा त्याला विचारलं, दगड उचलायचा पगार कोण देतं का. तर म्हणाला, मोटारसायकलवाल्याच्या बायकोला विचार. कुठल्या मोटारसायकलवाल्याच्या, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्याचं एक वाक्य ऐकलं की दुसरं ऐकायची हौस उरत नसे.

एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात तो वायरमन आणि मी ड्रायव्हर. नाव त्याला होतं, पण मालकापासून कांड्या भरणाऱ्या बायांपर्यंत सगळे वायरमनच म्हणायचे. शेडमधे चाळीस माग धडधडत असताना हा पंख्याची बटणं बंद करत फिरायचा. कुणी जेवायला उठलं की त्याच्या डोक्यावरचा पंखा बंद. मुकादम एकदा लघवीला जाऊन आला तर पंखा बंद. मुकादमानं आईबहीण काढली. हा शांतपणे म्हणाला, तुम्ही गेला होता ना, वारं कुणाला घालत होतो मी?

बोलणं सगळं असंच. गाडी बंद पडली म्हणून त्याला बोलवायला गेलं की लगेच येईल तर शपथ. आधी चौकशी, डॉक्टरसारखी. कधी बंद पडली? दिवे लागतात का? हॉर्न वाजतो का, की नुसता खोकतो? चावी फिरवली की टकटक करते का गप्प बसते? काल काय काय चालू ठेवलं होतं? एकदा मी चिडून म्हणालो, जीभ पण दाखवू का. तो म्हणाला, तुझी नको, बॅटरीची दाखव.

त्याच्या मोपेडच्या पुढं कापडी पिशवी असायची. पिशवीत दोन जाड वायरी, चिमटे लावलेल्या. एक लाल, एक काळी. सोबत पाण्याची बाटली, काथ्या, आणि एक जुना चष्मा, वेल्डिंगवाल्याकडनं आणलेला. दुसरी माणसं पिशवीत डबा नेतात. आणि तोंडी एक मंत्र ठरलेला, "शेवटचा चिमटा लोखंडाला." म्हणजे असं, की लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. मग काळा चांगल्या बॅटरीच्या वजाला. आणि काळ्याचं राहिलेलं टोक मेलेल्या बॅटरीला लावायचंच नाही, तिच्यापासनं लांब, इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचं. का, तर शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडते आणि बॅटरीतनं गॅस निघत असतो. हे त्यानं मला दोनशे वेळा सांगितलं असेल. दोनशे वेळा मी हो म्हणालो आणि एकदाही ऐकलं नाही.

लग्नसराईत एकदा नवरदेवाची गाडी आमच्या कारखान्यासमोर बंद पडली. रात्रभर सजवून दिवे लावून ठेवलेली, दुसरं काय होणार. नवरदेव स्वतः उतरून बॉनेटमधे डोकं घालून बघत होता, मुंडावळ्या इंजिनावर लोंबत होत्या. सासऱ्याचे फोनवर फोन. वायरमन गेला आणि पहिलं काम काय केलं, तर नवरदेवाच्या मुंडावळ्या सोडून हातात धरल्या. म्हणाला, पट्ट्यात अडकल्या तर मुंडीसकट जातील, मग अक्षता कशावर टाकायच्या. वरातीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गाडी चालू होईपर्यंत एका हातात मुंडावळ्या आणि एका हातात चिमटा. मुहूर्त टळला म्हणे. त्याला काय त्याचं. त्यानं मुंडावळ्या परत बांधल्या, त्याही उलट्या.

त्याचं खरं वैर मात्र खंडेनवमीशी होतं. तसा माणूस देवभोळा. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, सोमवार धरणारा. पण खंडेनवमीच्या आधी आठ दिवस कारखान्यात, चहाच्या गाड्यावर, पंक्चरवाल्याकडं, जिथं जाईल तिथं एकच. गाडीची पूजा करा, नारळ फोडा, लिंबू बांधा, माग पुजा, पाना पुजा, मला पुजा. पण बॅटरीला हळद-कुंकू लावू नका. लोक ऐकून घ्यायचे आणि घरी जाऊन बॅटरीला मळवट भरायचे. दोन खुंटं असतात बॅटरीला, एक अधिकचं, एक वजाचं. दोन्हीला तेलातलं हळद-कुंकू थापलं की दोन्ही लालच. खूण बुडाली. वर तेलानं चिमटा सरकतो, ठिणगी उडते. हे सांगताना तो मफलर खाली ओढून मान दाखवायचा. कानाच्या खालनं गळ्यापर्यंत कातडी वितळलेल्या मेणासारखी. दसऱ्याच्या दिवशी कारखान्याच्या जनरेटरची बॅटरी फुटली तेव्हाची. कुंकू बघून चुकीच्या खुंटाला हात गेला होता त्याचा. चारचौघांत मान दाखवायची त्याला लाज नव्हती. लोकांनाच ती बघायची लाज होती. ते चहाचा पेला घेऊन तोंड फिरवायचे.

आता माझ्या घरचं थोडं सांगायला लागेल. मी मूळचा केम गावचा. ड्रायव्हरकीला सोलापुरात आलो, लग्न अक्कलकोट रोडवरच्या वळसंगच्या मुलीशी झालं आणि तिथंच तिच्या बापाच्या जागेत दोन खोल्या टाकल्या. लोक घरजावई म्हणायचे. तिच्या घरी सगळे कानडी बोलणारे. बायको माझ्याशी मराठी बोलायची, बाकी जगाशी कानडी. मला ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासनं म्हणत होती की शिका थोडी. मी म्हणायचो, मला काय कुणाला पोरगी द्यायची आहे तिकडं. चाळीस वर्षांत मला दोन शब्द आले. ऊटा म्हणजे जेवण आणि नीर म्हणजे पाणी. एवढ्यावर माझा संसार झाला.

वायरमन कधी घरी आला की दोघांचं कानडीत सुरू व्हायचं. मधे मधे ती माझ्याकडं बघून हसायची. मी विचारलं की म्हणायची, काय न्हाई, भाजीचं बोलत होतो. भाजीवर एवढं हसणारी दोन माणसं मी कुठं बघितली नाहीत.

मग तिची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातनं दोनदा सोलापूरला मशीनवर न्यायचं. तोवर मी कारखाना सोडून स्वतःचा जुना छोटा टेम्पो घेतला होता, त्यातच पुढं बसवून न्यायचो. चार तास ती मशीनला जोडलेली, आणि मी समोरच्या स्टुलावर. तिथल्या बाईनं मला दोन-तीनदा सांगितलं की आजोबा, बाहेर बाकावर बसा. मी म्हणालो, बाकावर डास आहेत. डास नव्हते.

त्या वर्षी दसऱ्यालाच तिची मशीनची पाळी आली. सणामुळं सेंटर दुपारी बंद होणार होतं, म्हणून निरोप होता, नऊच्या आत या, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला देऊ, मग तुमचं परवा. परवा ऐकायला जवळ वाटतं. मागं एक पाळी चुकली होती तेव्हा तिच्या छातीत पाणी भरून तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं, आणि डॉक्टर मला म्हणाले होते की पुन्हा असं झालं तर मी शब्द देत नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. तिला वाकवत नव्हतं, तरी टेम्पोची पूजा तिनंच केली. पाटावर बसून. बॅटरीचं झाकण मी उघडून दिलं. तिनं दोन्ही खुंटांना हळद-कुंकू थापलं, मधे झेंडूची माळ गुंडाळली. वायरमनचं सगळं ऐकलेला माणूस मी, शेजारी उभा राहून बघत होतो. वर मी माझी अक्कल लावली. बाजारातनं चमकणाऱ्या दिव्यांची माळ आणली होती, ती त्याच बॅटरीला जोडली. सकाळपर्यंत लुकलुकली. सकाळी टेम्पो मेला होता.

शेजारच्या चौघांनी ढकलून चालू करून दिला. निघालो. एमआयडीसीजवळ आलो आणि ती म्हणाली, थांबवा, मळमळतंय. मी कडेला घेतला. आणि चाळीस वर्षं गाडी उभी केली की जे हाताला ठाऊक, ते हातानं केलं. चावी फिरवली. बंद.

ती उलटी करत होती आणि मी स्टेअरिंगकडं बघत बसलो होतो. साडेआठ वाजत आलेले. कारखाने बंद, रस्त्यावर ढकलायला माणूस नाही. मी एकट्यानं खांदा लावून बघितला. माझ्या खांद्यानं आता दार उघडतं, टेम्पो हलत नाही. जे काही येत होतं ते सोलापूरकडनं, माणसं भरून, भरधाव, देवाला निघालेलं.

आणि कोण आला? दगड वेचत वायरमन आला. सणाच्या दिवशी सुद्धा.

मला वाटलं आता चिमटे काढेल आणि दोन मिनिटांत मोकळे होऊ. तो आधी टेम्पोच्या मागं चालत गेला, पन्नास-साठ पावलं, आणि दगड मांडले. जन्मभर उचलले आणि त्या दिवशी मांडत होता, एक एक निवडून. मग माझ्या बायकोला खाली उतरवलं, रस्त्याच्या बाजूनं नाही, कडेच्या बाजूनं. आपल्या मोपेडच्या सीटवरची चादर चारीच्या पलीकडं लिंबाखाली टाकून तिथं बसवलं. मी म्हणालो, अरे तिला गाडीतच राहू दे, दमली आहे. तो म्हणाला, मागनं ट्रक घुसला तर गाडीतली आधी जाते, तू नंतर. मग मला चौकशी सुरू. दिवे लागतात का? काल काय चालू ठेवलं होतं? मी त्या माळेचं सांगितलं नाही. ते लिंबाखालनं ओरडून सांगितलं तिनं.

एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस, म्हणाला, लावा माझ्या बॅटरीला. मी वायरी घेऊन धावलो. वायरमननं मला धरलं आणि ट्रकवाल्याला हात जोडून पुढं पाठवलं. ट्रक गेला. मी त्या दिवशी त्याला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "ट्रकची चोवीस व्होल्टची, तुझी बाराची. फुकट मिळतंय म्हणून इष पिशील काय?"

दहा मिनिटं गेली. मी घड्याळ बघत होतो, ती माझ्याकडं बघत होती. मग अक्कलकोटहून परत येणारी एक कार थांबली. चाळिशीतला गृहस्थ, शेजारी बायको प्रसादाची परडी घेऊन, मागं म्हातारी आई आणि छतापर्यंत सामान. वायरमननं कार टेम्पोशेजारी घेतली, पण चिकटू दिली नाही, मधनं माणूस जाईल एवढी जागा. दोन्ही गाड्या बंद, दोन्हींचे हँडब्रेक ओढलेले, दोन्ही न्यूट्रलला. मी खिशातनं बिडी काढली होती, ती त्यानं माझ्या तोंडातनं घेतली आणि स्वतःच्या खिशात ठेवली.

कारवाल्याकडं स्वतःच्या नव्याकोऱ्या वायरी होत्या. तो उत्साहानं लाल चिमटा घेऊन टेम्पोच्या बॅटरीपाशी बसला. झेंडूची माळ बाजूला केली आणि थांबला. दोन्ही खुंटं लाल.

"ह्यातलं अधिक कुठलं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, उजवं. मग म्हणालो, थांबा, डावं. वायरी मीच कधीतरी बदलल्या होत्या, दोन्ही काळ्या. पावणेनऊ झाले होते. मी म्हणालो, लावा हो कुठलंही, काय होतंय.

वायरमन म्हणाला, पुसायला लागेल. खूण बघायची आणि लोखंड मोकळं करायचं, त्याशिवाय चिमटा लावू देणार नाही. त्यानं बाटली आणि काथ्या काढला.

तेव्हा ती लिंबाखालनं उठून आली. भिंतीला धरून चालतात तशी, पण धरायला भिंत नव्हती. तिनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"कुंकू पुसायचं न्हाई," ती म्हणाली. "मी हळदी-कुंकू लावून ह्यांच्यासाठी मागितलंय. सणाच्या दिवशी पुसायचं न्हाई."

मी सांगितलं, माझं मला काही होत नाही, तू गाडीत बस. ती ऐकेना. मी आवाज चढवला. कारवाल्याची बायको प्रसादाची परडी मांडीवर घट्ट धरून बसली होती. नऊला दहा कमी. मला वाटलं, आता हिला उचलून कारमधे टाकावी आणि हात जोडावेत. पण कारमधे मागं सामान आणि म्हातारी, पुढं जागा नाही.

वायरमननं बाटली खाली ठेवली. त्यानं मफलर सोडला, मान तिच्याकडं केली आणि कानडीत काहीतरी सांगितलं. दोन वाक्यं असतील. ती त्या मानेकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग हसली. डायलिसिसला निघालेली, उलटी करून बसलेली बाई, भर रस्त्यात हसली. कानडीतच काहीतरी उत्तर दिलं. त्यातला शेवटचा शब्द तेवढा मला कळला. नीर.

त्यानं बाटली दिली. तिनं पदर ओला केला आणि स्वतः खाली बसून दोन्ही खुंटं पुसली. कोरडी केली. वजाचं चिन्ह दिसलं, अधिकचं दिसलं. मी सांगितलेलं डावं, ते वजा निघालं.

मग त्यानं लाल, लाल, काळा, आणि शेवटचा चिमटा इंजिनाच्या लोखंडाला. कार चालू करून घड्याळ लावून पाच मिनिटं उभं केलं आम्हाला. मी म्हणालो, पाच कशाला, दोन बास. तो म्हणाला, तुझ्या माळेनं रातभर प्यायलंय, दोन मिनटात काय व्हतंय. मग चावी फिरवायला सांगितली. टेम्पो खोकला आणि लागला. चिमटे काढले ते उलट्या क्रमानं, आधी लोखंडाचा. मला म्हणाला, "आता सेंटरपर्यंत बंद करू नको. अक्काला उलटी आली तर खिडकीतनं." मी निघालो. आरशात तो मागं चालत दगड उचलायला गेलेला दिसला. मी आभार मानले नाहीत. एवढा उशीर करून आभार कसले.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पोचलो. तिथली बाई रागावली, मग खुर्ची दिली. सुई लागली, मशीन सुरू झालं, तेव्हा मी स्टुलावर बसून विचारलं, काय म्हणाला ग तो. ती म्हणाली, "तुमाला न्हाई कळायचं. कानडी शिका म्हणलं हुतं." आणि डोळे मिटले. मग मी रोज विचारायचो, ती रोज भाजीचं सांगायची.

ती त्यानंतर सव्वा वर्ष होती.

गेली तेव्हा घर भरलं. आलेला प्रत्येकजण सांगून गेला की सुटली बिचारी. कुणापासनं सुटली ते नाही सांगितलं. वायरमन दहाव्यानंतर आला. लेकीकडं गुलबर्ग्याला कायमचा निघाला होता, पिशवी बरोबरच. बसला, पाणी प्यायला, सांत्वनाचा एक शब्द नाही. रिकाम्या खोलीतला पंखा उठून बंद केला आणि परत बसला. मला पहिल्यांदाच तो माणूस बरा वाटला.

मी विचारलं, "त्या दिवशी रस्त्यात तू तिला काय बोलला होतास?"

त्याला आठवायला लागलं नाही. म्हणाला, "मी म्हणलो, अक्का, ही मान बघा. कुंकू तसंच ऱ्हायलं तर तुमच्या मालकाचं तोंड असं हुईल. तसं काय बघण्यासारखं न्हाई ते, पण हाय ते असू दे."

"आणि ती काय म्हणाली?"

त्यानं मफलर नीट केला. मला वाटलं, आता भाजीचं सांगेल.

"म्हणल्या, चार चार तास मशीनला बांधल्यावर मला समोर दुसरं काय असतंय बघायला. पुसते मी. पाणी द्या."